सिमेंटच्या पत्र्यावर ग्राइंडर लावण्यापूर्वी

माळवद (धागाकर्ता, जि. लातूर)

रामराम मंडळी,

गेल्या वैशाखात आमच्या गल्लीत एका घराच्या ओसरीवर पत्रे टाकण्याचे काम चालू होते. विशीतला एक मुलगा सिमेंटचा पत्रा गुडघ्याखाली दाबून ग्राइंडरने त्याचा कोपरा कापत होता. तोंडाला दस्ती बांधलेली होती आणि चपलेपासून भुवयांपर्यंत सगळा पांढरा झाला होता. समोरच्या अंगणात बाजेवर कुरडया वाळत होत्या आणि भुकटी वाऱ्याबरोबर तिकडेच जात होती. काम संपल्यावर त्याने तीच दस्ती सोडून अंगावरची धूळ झटकली आणि त्याच तळहातावर तंबाखू मळायला घेतली. मी त्याला थांबवले, तेव्हा तो म्हणाला, "काका, सिमेंटच तर आहे."

हा धागा त्या वाक्यासाठी आहे. ज्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात सिमेंटाबरोबर साधारणपणे ८ ते १० टक्के ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू असतात आणि कापताना जी भुकटी उडते तिच्यात ते तंतू मोकळे होऊन येतात. पत्रा छपरावर धड बसलेला असतो तोवर ते सिमेंटात जखडलेले राहतात. म्हणजे छपराखाली निवांत झोपणाऱ्यापेक्षा पत्रा कापणारा, भोके पाडणारा, जुना पत्रा फोडून काढणारा माणूस कितीतरी अधिक धोक्यात असतो, आणि आपल्याकडे नेमके त्यालाच कोणी काही सांगितलेले नसते.

मी स्वतः एका साखर कारखान्याच्या देखभाल विभागात ३१ वर्षे काढली, त्यामुळे पत्र्यापलीकडचा ॲस्बेस्टॉसही हाताखालून गेलेला आहे. बॉयलरच्या दाराला लावायची दोरी, वाफेच्या फ्लँजमध्ये (नळ्यांच्या जोडावर) घालायचे जॉइंटशीटचे गॅस्केट, व्हॉल्व्हचे ग्लँड पॅकिंग, भट्टीजवळ लावायचे मिलबोर्ड, वेल्डिंगच्या ठिणग्या अडवायचे कापड, हे सगळे एके काळी ॲस्बेस्टॉसचेच असे. वाफेच्या नळ्यांवर मॅग्नेशियाचे लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारे वेष्टन, असे, त्यात सुमारे ८५ टक्के मॅग्नेशियम कार्बोनेट आणि उरलेला बहुतांश भाग ॲस्बेस्टॉस. हा पदार्थ जळत नाही, उष्णता पुढे जाऊ देत नाही, ओढला तर तुटत नाही, आम्लाला व अल्कलीला बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि खनिज असूनही त्याचे सूत कातता येते. इतके गुण असलेला आणि स्वस्तात मिळणारा दुसरा पदार्थ त्या काळी नव्हता, म्हणून जिनिंगपासून औष्णिक वीजकेंद्रापर्यंत तो सगळीकडे पोचला.

गाळप हंगाम संपला की दुरुस्तीच्या महिन्यांत आम्ही जुने लॅगिंग हातोडीने ठोकून पाडत असू. कोरडेच. खाली पडलेला चुरा खराट्याने लोटायचा आणि फ्लँजवर चिकटलेले गॅस्केट तारेच्या ब्रशने खरवडून वर कॉम्प्रेसरची हवा मारायची, ही आमची रोजची पद्धत होती. माझ्याबरोबरच्या एका लॅगिंग फिटरला निवृत्तीनंतर दम लागू लागला. क्षयाची औषधे दोनदा झाली, फरक पडला नाही, आणि इतक्या वर्षांत एकाही ठिकाणी कोणी त्याला "तुम्ही काम काय करत होता?" असे विचारले नाही. तो आता नाही. त्याच्या फुप्फुसात नेमके काय होते हे मी ठामपणे सांगू शकत नाही, पण तो प्रश्न विचारला जायला हवा होता असे मला आजही वाटते.

ज्यांना या विषयातली माहिती आहे त्यांनी कृपया विस्ताराने लिहावे. पत्रे बसवणाऱ्या माणसाला वाचून दाखवता येईल असे काहीतरी या धाग्यातून तयार व्हावे, एवढीच इच्छा आहे.

दुधना (स्थापत्य अभियंता, जालना)

काका, विषय काढलात हे फार चांगले झाले. पत्र्याच्या बाजूने मी लिहितो.

सिमेंट आणि ॲस्बेस्टॉस एकत्र करून पातळ पण कणखर पत्रा तयार करण्याची रीत लुडविग हाटशेक या ऑस्ट्रियन माणसाने शोधली आणि १९०१ साली तिचे पेटंट घेतले. कागद बनवण्याच्या यंत्रासारखीच ती आहे. तंतू, सिमेंट आणि भरपूर पाणी यांचा पातळ रबडा करायचा, जाळीच्या फिरत्या नळकांड्यावर त्याचा पापुद्रा धरायचा, तो पट्ट्यावर घेऊन थरावर थर चढवायचे, आणि ओला असतानाच साच्यावर टाकून त्याला नाल्या द्यायच्या. आजही पत्रे याच तत्त्वावर निघतात, फक्त आता सिमेंटाबरोबर औष्णिक वीजकेंद्रातली राखही मोठ्या प्रमाणात घालतात. वापरला जाणारा ॲस्बेस्टॉस क्रिसोटाइल जातीचा, म्हणजे पांढरा असतो. त्याचे तंतू कुरळे असतात आणि सिमेंटाला धरून ठेवतात. निळा क्रोसिडोलाइट आणि तपकिरी अमोसाइट यांचे तंतू सरळ, सुईसारखे असतात आणि ते अधिक घातक मानले जातात.

आपल्याकडच्या नालीदार पत्र्यांसाठी आयएस ४५९ हे भारतीय मानक आहे आणि पत्रे कसे बसवावेत यासाठी आयएस ३००७. पत्रा साधारण ६ मिलिमीटर जाड, १.०५ मीटर रुंद आणि दीड ते तीन मीटर लांब असतो. बसवताना वरचा पत्रा खालच्यावर किमान १५० मिलिमीटर चढवतात. जिथे चार पत्र्यांचे कोपरे एकावर एक येतात तिथे चार जाड्या साचून फट राहू नये म्हणून दोन पत्र्यांचे कोपरे तिरपे कापावे लागतात. काकांनी पाहिलेला मुलगा नेमके हेच करत असणार. काम आवश्यकच आहे, पण ते हातकरवतीने, पत्रा ओला करून, जमिनीवर करता येते. पूर्वी तसेच करत असत. ग्राइंडरची चकती मिनिटाला हजारो फेरे घेते आणि पत्र्याचे इतके बारीक पीठ करते की ते तासन् तास हवेत तरंगत राहते. माझ्या मते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पत्रा बदललेला नाही, हत्यार बदलले आहे, आणि धोका त्या हत्याराने वाढवला आहे.

पत्रा खालच्या आधाराला धरून ठेवणाऱ्या जे-हुक बोल्टसाठी भोक नालीच्या उंचवट्यावर पाडायचे, खोलगटात नाही, आणि तेही हाताच्या किंवा कमी वेगाच्या ड्रिलने. ड्रिलच्या टोकाशी ओल्या चिंधीचा बोळा किंवा दाढीच्या साबणाचा फेस धरला तर भुकटी त्यातच अडकते. खिळा ठोकून भोक पाडण्याची सवय मात्र सोडायला हवी, कारण तिथून पत्र्याला तडा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात डांबर लावायला पुन्हा कोणीतरी वर चढतो.

या वर चढण्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तंतूंचा त्रास वीस वर्षांनी दिसतो, पण पत्र्यातून खाली पडलेला माणूस त्याच दिवशी जातो. सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलण्यासाठी बनवलेलाच नसतो. जुना पत्रा वरून शाबूत दिसतो, शेवाळाने काळा पडलेला असतो आणि पाय ठेवताच काहीही आवाज न करता फुटतो. बोल्टांच्या रांगेवरून, म्हणजे खालच्या पर्लिनवरून (पत्रे ज्यांवर टेकतात त्या आडव्या आधारांवरून) चालले की काही होत नाही, हा समज मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. छपरावर आडव्या पट्ट्या मारलेली शिडी किंवा किमान दोन-तीन पर्लिनवर टेकणारी रुंद फळी टाकूनच जायचे, आणि कमरेचा दोर पत्र्याला नव्हे तर कैचीला बांधायचा. जिनिंगच्या शेडची उंची पंचवीस-तीस फूट असते. तिथे हे सांगायला वेगळ्या अभियंत्याची गरज पडू नये.

मांजराकाठ (लातूर)

मी पत्र्यांचा विक्रेता आहे. माझी बाजूही शांतपणे ऐकून घ्यावी ही विनंती.

किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तेव्हा मी शाळेत होतो. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर टनावारी मातीचे माळवद, त्याखाली माणसे गेली. त्यानंतर आमच्या भागातल्या लोकांच्या मनात डोक्यावरच्या जड छपराची जी भीती बसली ती मी रोज दुकानात पाहतो. गरीब माणसाला हलके छप्पर हवे असते आणि स्लॅबचे पैसे नसतात. टीनपत्रा मे महिन्यात तव्यासारखा तापतो, पावसात त्याच्या आवाजाने बोलणे ऐकू येत नाही, गोठ्यातल्या वाफेने आणि मूत्राने तो गंजतो. सिमेंटचा पत्रा यातले काहीच करत नाही आणि चाळीस वर्षे टिकतो. कांदाचाळ, शेळ्यांची शेड, कोंबड्यांची शेड, तेलघाणा, डाळमिल, सगळीकडे तो याच कारणासाठी जातो.

कायद्याने त्याच्या विक्रीवर बंदी नाही. तंतू सिमेंटात पक्का धरलेला असतो, हेही धागाकर्त्यांनी स्वतःच लिहिले आहे. मग संपूर्ण मालाला विष म्हणणे योग्य आहे का?

माळवद

विष हा शब्द मी वापरलेला नाही, पण आपला प्रश्न रास्त आहे.

माळवदाबद्दल आपण लिहिलेत ते मला शब्दशः पटते. माझे टोपणनाव त्याच माळवदावरून आहे. आमचे जुने घर त्या पहाटे अर्धे बसले आणि वडिलांनी पुन्हा कधी मातीचे छप्पर घातले नाही. त्या छपराच्या जागी जे पत्रे आले ते आजही आहेत, आणि मीही त्यांच्याखाली झोपतो.

विक्रीवर बंदी नाही हेही खरे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदीची मागणी मान्य केली नाही. मात्र त्याच न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी, कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर, कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे असे सांगितले. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यानंतर १० वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी असा आदेश दिला, आणि आजार सिद्ध झालेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाई ठरवली. चाळीस वर्षे नोंद ठेवायला सांगावे लागते, यावरूनच हा आजार किती सावकाश येतो ते कळते. युरोपीय संघात २००५ पासून बंदी आहे, ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीपासून. ज्या कॅनडातून वर्षानुवर्षे भारतात तंतू येत असे त्या देशाने २०१८ मध्ये बंदी घातली, आणि अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये क्रिसोटाइलच्या चालू वापरांवर बंदीचा नियम काढला.

आपल्या दुकानातून पत्रा गेला की तो कोणीतरी कापणारच, कारण न कापता चार कोपरे बसत नाहीत. कारखान्यात पोते यंत्रात फोडतात, धूळ ओढणारे पंखे असतात, हवेची तपासणी असते. आमच्या गल्लीत यांपैकी काहीच नव्हते. पत्रा सिमेंटात पक्का असतो हे विधान दुकानापर्यंत खरे असते आणि ग्राइंडर लागल्यावर खरे राहत नाही. आपण विकताना गिऱ्हाइकाला एवढेच सांगितलेत की करवत वापरा, पाणी मारा, आणि मोजमाप आधी देऊन शक्य तितके पूर्ण लांबीचे पत्रे घ्या म्हणजे कापावे कमी लागेल, तर माझ्या शंभर पोस्टींपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

बालाघाट (छातीविकार तज्ज्ञ, बीड)

वैद्यकीय बाजू थोडक्यात लिहिणार होतो, पण काकांच्या सहकाऱ्याचे वाचून थोडक्यात लिहिणे बरे वाटेना.

घातक तंतू डोळ्यांना दिसत नाही. मोजणीत जे तंतू धरतात ते ५ मायक्रॉनपेक्षा लांब आणि ३ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात, आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. त्याला वास नाही, त्याने खाज येत नाही, शिंक येत नाही. म्हणून त्या मुलाला ते "सिमेंटच" वाटले. हा तंतू फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत जातो. शरीराच्या पेशी त्याला गिळू पाहतात, तो गिळला जात नाही, आणि त्याच्याभोवती वर्षानुवर्षे दाह चालू राहतो. त्यातून फुप्फुसाच्या मऊ भागात व्रणासारखे ताठ जाळे तयार होते. त्याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात आणि ते बहुधा दीर्घकाळ, भरपूर धूळ खाल्लेल्या माणसाला होते. याखेरीज फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा दुर्मीळ पण जवळजवळ ॲस्बेस्टॉसशीच जोडलेला कर्करोग. मेसोथेलिओमा पहिल्या संपर्कानंतर वीस ते पन्नास वर्षांनी दिसू शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासह सर्व प्रकारचा ॲस्बेस्टॉस मानवात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवला आहे, त्यामुळे "आमचा पांढरा आहे" या समजुतीवर निर्धास्त राहू नये.

बाजेवरच्या कुरडयांचे वाचून मला एक जुने संशोधन आठवले. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. ते बहुतेक निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातले होते आणि त्यांतले काही जण खाणीत कधीच कामाला नव्हते, केवळ लहानपणी त्या भागात राहिलेले होते. आपल्या गल्लीतली एका दिवसाची धूळ आणि खाणीजवळचे बालपण यांची तुलना होत नाही, आणि एकदा धूळ अंगावर आली म्हणून कोणी धास्ती घेऊ नये. धोका मात्रेप्रमाणे वाढतो. मात्र किती मात्रेच्या खाली कर्करोगाचा धोका शून्य होतो अशी सुरक्षित रेषा कोणाला आखता आलेली नाही, म्हणून टाळता येणारी धूळ टाळायची.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी पुढचे वाक्य नीट वाचावे. अमेरिकेतल्या लॅगिंग कामगारांच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन्हींपासून दूर असलेल्या माणसाच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण केवळ ॲस्बेस्टॉसने सुमारे ५ पट, केवळ धूम्रपानाने सुमारे ११ पट आणि दोन्ही एकत्र असताना ५० पटींहून अधिक आढळले. ज्याने आयुष्यभर लॅगिंग पाडले त्याची फुप्फुसे आता बदलता येत नाहीत, पण विडी आज सोडता येते आणि तिचा फायदा खरोखर होतो.

क्षयाशी गल्लत का होते तेही सांगतो. आपल्याकडे खोकला, दम आणि एक्सरेवर डाग म्हटले की आधी क्षय आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. पण क्षय बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतो, तर ॲस्बेस्टॉसिस खालच्या भागात. पाठीच्या तळाशी स्टेथोस्कोप ठेवला तर श्वास आत घेण्याच्या अखेरीस चरचर ऐकू येते, बोटांची नखे फुगीर होतात, आवरणावर चुन्यासारखे पांढरे पट्टे दिसतात. थुंकीत जंतू सापडत नसतील आणि औषधाने उतार पडत नसेल, तर कामाचा इतिहास विचारून छातीचा सीटी स्कॅन आणि श्वासक्षमतेची चाचणी करावी. २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत ॲस्बेस्टॉसिस हा कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीतला आजार होता आणि तो आढळल्यास डॉक्टरने कारखाने निरीक्षकांना कळवावे असे त्या कायद्यात सांगितलेले होते. तेव्हाच्या कर्मचारी राज्य विमा कायद्यातही तो व्यवसायजन्य आजार म्हणून होता. म्हणून माझी सगळ्यांना विनंती आहे की डॉक्टरने विचारले नाही तरी आपण होऊन सांगा: मी इतकी वर्षे लॅगिंग केले, मी पत्रे कापतो, मी ब्रेकची कामे करतो. कागदावर लिहून नेले तर आणखी चांगले.

खाम (छत्रपती संभाजीनगर)

माझा प्रश्न घरगुती आहे. गावाकडे वडिलांनी बांधलेल्या गोठ्यावर आणि त्याला लागून असलेल्या दोन खोल्यांवर मिळून ३४ सिमेंटचे पत्रे आहेत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत त्यांतले काही फुटले होते, तेव्हा तुकडे बांधावर टाकले. नंतर तेच तुकडे शेताच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात भरले आणि त्यावरून ट्रॅक्टर जातो. उरलेले पत्रे आता काढून टाकावेत का? आणि छपरावरून येणारे पावसाचे पाणी आम्ही टाकीत घेतो, ते चालेल का?

बालाघाट

पाण्यापुरते उत्तर देतो. पोटात गेलेल्या तंतूंमुळे आजार होतो असा सातत्यपूर्ण पुरावा नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या ॲस्बेस्टॉससाठी मर्यादा ठरवणे आवश्यक मानलेले नाही. अनेक गावांच्या जुन्या नळयोजना एसी (ॲस्बेस्टॉस-सिमेंट) पाइपच्याच होत्या. धोका श्वासावाटे आहे. तरी जुन्या छपराचे पहिले पाणी सोडून द्यावे आणि टाकीतला गाळ ओला असतानाच काढावा, तो वाळवून झाडू नये.

दुधना

खाम, पत्रे शाबूत असतील, पृष्ठभाग घट्ट असेल आणि त्यांच्याखाली कोणी ठोकाठोक करत नसेल तर ते उगाच काढू नका. काढण्याच्या कामातच सर्वांत जास्त धूळ निघते. आत वाकून पाहा: खालच्या बाजूला बोट फिरवण्याऐवजी नुसते टॉर्चच्या उजेडात पाहा. वरच्या बाजूचे सिमेंट पावसाने झिजून कापसासारखी लव दिसू लागली असेल, कडा पापुद्र्यांसारख्या सुटत असतील किंवा तडे गेले असतील, तर मात्र बदलण्याची वेळ आली आहे असे समजा. शेवाळ काढण्यासाठी तारेचा ब्रश किंवा वाहने धुण्याचा दाबाचा फवारा कधीही वापरू नका. पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळते, म्हणून जुना सिमेंटचा पत्रा ॲस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चाला.

काढायचेच ठरले तर वाऱ्याचा दिवस टाळा, मुले आणि जनावरे दुसरीकडे न्या, धान्य आणि चारा झाका. कापसाला वापरतो तो पाठीवरचा फवारणी पंप या कामासाठी उत्तम आहे, पण औषधाचा जुना पंप घेऊ नका, नवा किंवा काटेकोर धुतलेला घ्या. पाण्यात थोडा कपड्याचा साबण विरघळवला की पाणी पत्र्यात चांगले मुरते. आदल्या संध्याकाळी एकदा आणि काम चालू असताना सतत बारीक फवारा मारा, मात्र माणूस ज्या फळीवर उभा आहे ती निसरडी होऊ देऊ नका. बोल्ट गंजून बसलेले असणार. पत्रा हातोडीने फोडून बोल्ट मोकळा करण्यापेक्षा खालच्या बाजूने बोल्टच कापा. पत्रा अखंड उचलायचा, दोघांनी धरायचा, दोराने खाली सोडायचा. वरून फेकायचा नाही. सगळ्या कामातली महत्त्वाची गोष्ट हीच आहे, बाकी चुकले तरी ही चुकू नये.

तोंडाला दस्ती किंवा कापडी मास्क या तंतूंपुढे काहीच कामाचा नाही. रबरी अर्धमुखी मास्क आणि त्याला अतिसूक्ष्म धूळ अडवणारे पी-१०० चे फिल्टर, किंवा किमान एफएफपी-३ दर्जाचा मास्क हवा, आणि तो दाढीवर नीट बसत नाही. अंगावर एकदाच वापरायचा झगा नसेल तर जुने कपडे घाला, काम झाल्यावर ते ओले करूनच उतरवा आणि घरच्या धुण्यात मिसळू नका. हात-तोंड धुतल्याशिवाय चहा नाही, विडी नाही, तंबाखू नाही. खाली पडलेला चुरा कोरड्या खराट्याने झाडू नका, ओल्या फडक्याने गोळा करा आणि फडकेही चुऱ्याबरोबर बांधा.

उतरवलेले पत्रे जाड प्लॅस्टिकवर आडवे रचा, वरून दुसरा थर गुंडाळा, तुकडे दुहेरी पिशवीत भरा आणि वर रंगाने मराठीत लिहा: "ॲस्बेस्टॉस, फोडू नये." कारखान्यांतून निघणारा ॲस्बेस्टॉसचा टाकाऊ माल घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांच्या सूचीत आहे, आणि महाराष्ट्रात त्यासाठी तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशी सामायिक विल्हेवाट केंद्रे आहेत. मराठवाड्यातल्या बऱ्याच उद्योगांना रांजणगाव जवळ पडते. जिनिंग किंवा डाळमिलच्या मोठ्या शेडने तोच मार्ग धरावा. चौतीस पत्र्यांच्या घरमालकासाठी अशी सोय तालुक्याला असायला हवी, ती नाही, आणि ही उणीव मला फार खटकते. सध्या तरी ग्रामपंचायतीशी लेखी बोलून, जिथे पुढे कोणी खोदणार नाही आणि जवळ विहीर नाही अशी जागा ठरवून, गुंडाळलेले पत्रे खोल पुरणे हाच त्यातल्या त्यात बरा उपाय मला दिसतो. भंगारवाल्याला किंवा शेजाऱ्याला फुकट देऊ नका, तो ते पुन्हा कापेल.

रस्त्यावर भरलेल्या तुकड्यांवर ट्रॅक्टर जाणे मात्र ताबडतोब थांबवा. ओले करून उचलता आले तर उचला, नाहीतर त्यावर मुरमाचा चांगला वीतभर थर देऊन दाबून घ्या.

पूर्णाकाठ (परभणी)

माझे ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज आहे. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये आणि क्लचप्लेटमध्ये हाच पदार्थ असे हे मला ठाऊक होते, पण ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी आम्ही कॉम्प्रेसरने उडवतो त्याचा या धाग्याशी संबंध आहे हे डोक्यात आले नव्हते. गेल्या आठवड्यापासून ड्रमवर आधी साबणाचे पाणी मारून ओल्या फडक्याने पुसणे सुरू केले आहे. वेळ दोन-चार मिनिटे जास्त जातो. नवे लायनिंग घेताना ॲस्बेस्टॉसविरहित असल्याचे खोक्यावर पाहूनच घेतो.

मांजराकाठ

दुधना साहेब, पर्यायांबद्दलही लिहावे. गिऱ्हाईक विचारते तेव्हा मी काय सांगू?

दुधना

पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे कृत्रिम धागे आणि लाकडाचा लगदा घातलेले, ॲस्बेस्टॉस नसलेले तंतू-सिमेंटचे पत्रे मिळतात. त्यांचे मानक आयएस १४८७१ आहे. दिसायला आणि बसवायला तेच, भाव थोडा चढा. तेही कापताना पाणी आणि मास्क हवाच, कारण सिमेंटातल्या सिलिकाची धूळ फुप्फुसाला चांगली नसते. रंगीत लेपाचा पोलादी पत्रा हलका आणि वादळात टिकाऊ, पण उन्हाला खाली उष्णतारोधक थर दिल्याशिवाय आपल्या भागात त्याखाली बसवत नाही. राहत्या घराला मंगलोरी कौले मला अजूनही आवडतात, मात्र वासे आणि आढे चांगल्या लाकडाचे हवेत आणि ते आता महाग झाले आहे. कारखान्यात लॅगिंगला रॉकवूल आणि सिरॅमिक तंतूंची चादर, गॅस्केटला ग्रॅफाइट, पॅकिंगला अरामिड वापरतात. सिरॅमिकच्या चादरीलाही मास्क लावूनच हात लावावा.

खाम

कळवायला उशीर झाला, क्षमस्व. टॉर्चने पाहिले. गोठ्यावरचे १९ पत्रे शाबूत आहेत, ते तसेच ठेवले. खोल्यांवरच्या १५ पत्र्यांपैकी बऱ्याच पत्र्यांवर आपण लिहिलेली लव स्पष्ट दिसत होती. ते सगळे मागच्या रविवारी उतरवले. सकाळी सहाला सुरुवात केली आणि दुपारी एकपर्यंत काम चालले. बोल्ट कापायला सर्वांत जास्त वेळ लागला. दोन पत्रे हातात फुटले, बाकीचे तेरा अखंड उतरले. ग्रामपंचायतीने गायरानाच्या कडेची जागा तोंडी दाखवली होती, मी ठराव मागितला आहे. तोवर सगळे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गोठ्यामागे ठेवले आहेत. शेतरस्त्यावर दोन ट्रॉल्या मुरूम टाकला.

माळवद

खाम, फार नेटके काम केलेत.

त्या मुलाबद्दल सांगतो. मी हा धागा त्याला वाचून दाखवला, डॉक्टरांचे लिहिणे दोनदा. तो फार बोलला नाही, एवढेच म्हणाला की ठेकेदार नगावर पैसे देतो आणि करवतीने कापले तर दिवसाला सहा-सात पत्रे कमी बसतात. हा हिशेब त्याचा खरा आहे, आणि तो त्याच्या एकट्याने सुटणारा नाही. पत्रे बसवून घेणाऱ्या घरमालकांनी मजुरी ठरवतानाच ओली करवत आणि मास्क यांचा खर्च धरावा, पत्र्यामागे काही रुपये वाढवून द्यावेत, असे मी आमच्या गल्लीत बोलायला सुरुवात केली आहे आणि दोन घरांनी मान्य केले आहे. लातुरात पी-१०० चे फिल्टर असलेला मास्क कोणत्या दुकानात मिळतो हे कोणाला माहीत असल्यास कळवावे, पुढच्या सोमवारी त्याचे नवे काम सुरू होत आहे.